तिला डिक्शनरी, मला डबा

चारठाण्याहून परभणीला जाणारी सकाळची एस.टी. शाळेपुढं उभी होती आणि मालन खिडकीत बसली होती. माझ्या घर सोडण्याची गोष्ट इथून सुरू होते, आणि खरं सांगायचं तर इथंच ती बिघडली. मी सतरा वर्षांची, पहिल्यांदाच गावाबाहेर राहायला निघालेली. आई पदर तोंडाला लावून उभी. अप्पा कंडक्टरला चौथ्यांदा सांगत होते, "पोरी एकट्या हायत, नीट उतरवा." अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी उदात्त यावं. माझ्या मनात एवढंच आलं की खिडकी तिला मिळाली.

मग गुरुजी पुढं झाले. गुरुजी म्हणजे मालनचे वडील, गावच्या शाळेवर मास्तर. आम्हा दोघींना पहिलीपासून त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी खिडकीतून मालनच्या हातात एक जाडजूड डिक्शनरी दिली. तिला खाकी कागदाचं कव्हर, आतल्या पानावर वळणदार अक्षरात मालनचं नाव. लगेच माझी आई गाडीत चढली आणि तिनं माझ्या मांडीवर चार कप्प्यांचा पितळी डबा ठेवला. त्याच्यावरही नाव होतं, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, पण ते अप्पांचं. तिला डिक्शनरी, मला डबा. जिंतूर येईपर्यंत तो मांडीला गरम लागत होता, आणि मला वाटत होतं की आख्ख्या गाडीला कळलंय, शिकायला कोण चाललंय आणि खायला कोण.

गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी शाळेपुढं होतात. तुम्ही हात केलात, आणि गाडी हलल्यावर काय बोललात तेही मला नंतर कळलं. आणि जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला, आखातात जाऊन बसलात, तुमच्याही मांडीवर निघताना कुणीतरी काहीतरी ठेवलं असेलच. ते तुम्ही अजून जपलं असेल. माझा डबा आज माझ्याकडं नाही. तो कुणाकडं आहे ते सांगेनच, कारण तेच तर माझं दुखणं आहे.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी, परभणीच्या एका कॉलेजानं खेड्यातून मॅट्रिकला बसलेल्या पोरापोरींसाठी सहा आठवड्यांचा वर्ग काढला होता. कॉलेजात पाऊल टाकण्याआधी इंग्रजीची भीती मोडावी, शिकवलेलं भराभर वहीत कसं उतरवायचं, लायब्ररीत पुस्तक कसं मागायचं, प्रयोगशाळेत काचेची नळी कशी धरायची, हे कळावं असा हेतू. कागदोपत्री नाव 'पूर्वतयारी वर्ग'. पण उन्हाळ्यातली शाळा नापासांची असते हे आपल्याकडं पक्कं. आमचा तर निकालही लागला नव्हता. "निकालाच्या आधीच पोरी नापास झाल्या व्हय?" असं लोक अप्पांना त्यांच्या किराणा दुकानात येऊन विचारून गेले. अप्पा गूळ तोलता तोलता सांगायचे, "नापास न्हाई हो, ॲडव्हान्समधी पास हायत."

अप्पांनी मला पाठवलं ते एका अटीवर. "गुरुजीची मालन हाय तवर तू. ती माघारी आली की तू बी माघारी. एकटी पोरगी मी तिथं ठेवणार न्हाई." ही अट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट या अटीवर उभी आहे, आणि मी नेमकी तीच विसरले.

मुलींच्या वसतिगृहात आम्हाला एक लांबट खोली मिळाली. आठ मुली, चार खाटा, बाकी सतरंज्या, आणि छपरावर तापलेले पत्रे. सहा आठवड्यांनंतर याच वसतिगृहात पुढच्या वर्षासाठी जागा मिळायच्या होत्या, मोजून वीस. मॅट्रिकचे मार्क आणि वर्गातली परीक्षा पाहून यादी लागणार होती. परभणीत ना माझं कुणी नातेवाईक, ना मालनचं. वसतिगृहात जागा म्हणजे कॉलेज, आणि जागा नाही म्हणजे चारठाणा. माझ्या बाबतीत चारठाणा म्हणजे मंगळसूत्र. एक स्थळ अप्पांनी पाहूनच ठेवलं होतं. मुलाचं सेलूला सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि आईच्या मते नाक बरं होतं.

इंग्रजीचे सर उंच, काटकुळे, दर दोन वाक्यांनी घाम पुसणारे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एकेकाला उभं करून आपल्या गावाबद्दल इंग्रजीत बोलायला लावलं. मी तयारीची पोरगी. माझ्याकडं गायीवरचा निबंध पाठ होता. गावात गाई होत्याच, तेव्हा मी न अडखळता, एका श्वासात, शिंगांपासून शेपटापर्यंत सगळी गाय म्हणून दाखवली. सर म्हणाले, "छान. गाव मात्र दिसलं नाही." मग मालन उठली. अडखळत, थांबत, मध्येच डोळे मिटून शब्द शोधत ती पाच वाक्यं बोलली. आमच्या गावात जुन्या देवळाचा एक उंच दगडी खांब आहे, लहानपणी मला वाटायचं आभाळ त्याच्यावर ठेवलंय, असं काहीतरी. त्यातल्या दोन वाक्यांना क्रियापदच नव्हतं. सर घाम पुसायचे थांबले. म्हणाले, "बास. असं. मोडकं असू द्या, पण स्वतःचं असू द्या."

तो खांब माझ्या घरापासून जवळ, तिच्या घरापासून लांब. आभाळाचं मलाही वाटायचं. फक्त मी कधी बोलले नव्हते.

त्या दिवसापासून मी मालनचा हेवा मनापासून, शिस्तीत, वेळापत्रक लावून करायला लागले. ती पहाटे उठून डिक्शनरीतलं एक पान वाचायची, म्हणून मी तिच्याआधी उठायचे आणि वाचायला काही नाही म्हणून वेणी घालायचे. तिला पत्र्याच्या त्या भट्टीत झोप लागायची, याचासुद्धा मला राग यायचा. लायब्ररीतल्या बाई तिला नावानं ओळखायच्या, मला 'तिच्यासोबतची'. गावात आम्ही दोघी जोडीनं शाळेत जायचो, पण गावात मी दुकानदाराची गिरिजा होते आणि ती आमच्या ओट्यापर्यंतच यायची. पाणी मागितलं तर आई तिच्या ओंजळीत वरून धार धरायची. हे मी तेव्हा नेहमीचं म्हणून पाहिलं. परभणीत ते सगळं एका एस.टी.त मागं राहिलं, आणि मग कळलं की सपाट जमिनीवर दोघी उभ्या राहिल्या तर उंच ती आहे.

एकाच बाबतीत मी वर होते, आणि ती म्हणजे डबा. उन्हाळ्यात वसतिगृहाची खानावळ बंद असायची. मालनची आई दिवस उगवायच्या आत शेतात कामाला जायची, म्हणून डबा यायचा तो फक्त माझ्या घरून, सकाळच्या गाडीनं. ड्रायव्हर तो आपल्या शेजारच्या बॉनेटवर ठेवायचा, अकराच्या सुमारास आम्ही स्टँडवर जाऊन घ्यायचो. खाऊन, घासून, पुसून तीन वाजता परतीच्या त्याच गाडीत रिकामा ठेवून यायचा. एक दिवस तिची बारी, एक दिवस माझी. तुम्ही परभणी-जिंतूरच्या स्टँडवर कधी उभे राहिला असाल तर सांगायला नको. आपल्याकडची अर्धी शिकलेली पिढी अशीच बॉनेटवरच्या डब्यावर शिकली आहे.

डब्यात आठ भाकरी असायच्या. दोघींच्या. हे आईनं परस्पर ठरवलं होतं आणि अप्पांना सांगितलं नव्हतं. अप्पा म्हणे दुकानात सगळ्यांना सांगायचे, "शिकल्यानं लय भूक लागती, पोरगी आठ भाकरी खायलीय." मी मालनला रोज चार भाकरी मोजून द्यायचे आणि देताना चेहरा असा करायचे की जणू ताम्रपट देतेय. ती मुकाट्यानं घ्यायची, आणि स्वतःच्या वाटच्या कारळाच्या चटणीतली निम्मी मला द्यायची, कारण मला ती आवडते हे तिला माहीत होतं. म्हणजे तिथंही मी हरलेच.

पाचव्या आठवड्यात निकाल लागला. दोघींचे नंबर पेपरात आले. गुणपत्रिका मात्र शाळेतून येणार होत्या, आणि वसतिगृहाच्या अर्जाला त्या शनिवारच्या आत लावायच्या होत्या. गुरुजींनी निरोप धाडला की शुक्रवारी दोन्ही गुणपत्रिका डब्यासोबत पाठवतो.

शुक्रवारी अकराची बारी माझी. डबा उतरवून घेतला, फडक्याची गाठ सोडली. वरच्या झाकणावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कागद. मी स्टँडवरच, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, उघडून पाहिले. आधी तिचा. इंग्रजीत एकसष्ट. मग माझा. बेचाळीस. एकूणात ती माझ्यापुढं तेवीस मार्कांनी. गणितात मी तिच्यापेक्षा तीन मार्कांनी पुढं होते, आणि त्या तीन मार्कांकडं मी बराच वेळ पाहत राहिले. पण तीन म्हणजे तीनच.

खोलीवर येऊन मी मालनला म्हणाले, "माझं आलंय. तुझं न्हाई आलं."

हे वाक्य मी ठरवून आले नव्हते. ते तोंडातून निघालं आणि मग त्याच्यामागं धावणं आलं. कागद माझ्या पोलक्यात. आता ठेवू कुठं? आठ मुलींच्या खोलीत कुणाच्या ट्रंकेत काय आहे हे सगळ्यांना पाठ असतं, आणि माझी-मालनची तर ट्रंक एकच होती. मग जेवण झाल्यावर डबा घासायला मीच घेतला, पुसला, आणि तळातल्या कप्प्यात तो कागद घडी करून ठेवला. आतून जरा करडीच्या तेलाचा ओशटपणा राहिला होता, पण मला घाई होती. विचार असा की तीनच्या आधी, सगळ्या वर्गात गेल्या की काढून घेऊ आणि कुठंतरी नीट दडवू. शनिवार टळला की देऊन टाकू. मला तिचं वाटोळं करायचं नव्हतं. मला फक्त एका यादीत, एकदाच, तिच्याशिवाय माझं नाव वाचायचं होतं.

वर्ग सुटताना सरांनी मला थांबवून घेतलं. "माझं गाव" हा निबंध, गायीशिवाय लिहून दाखवायचा. मी लिहीत बसले. खांब लिहिला, आभाळ लिहिलं, खोडलं, कारण ते आता तिचं झालं होतं. साडेतीनला खोलीवर आले तर कोनाड्यात डबा नाही.

"बारी तुझी व्हती," मालन म्हणाली, "पण तू अडकलीस, म्हून मीच ठिवून आले गाडीत."

म्हणजे बघा. स्वतःची गुणपत्रिका स्वतःच्या हातानं स्टँडपर्यंत नेऊन तिनं बॉनेटवर ठेवली आणि ड्रायव्हरला वर नीट न्यायलाही सांगितलं. मी खाटेवर बसले. मला हसू येत होतं.

संध्याकाळी आम्ही निंबाखाली बसलो होतो. मालन सारखी बोटं मोडत होती. मग म्हणाली, "गिरजे, पेपरातला नंबर चुकीचा असंल का गं? दुसऱ्या कुणाचा?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "असू शकतो."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कागद दडवला हे एक वेळ पोरवय म्हणून सोडून देता येईल. 'असू शकतो' सोडून देता येत नाही.

तिकडं चारठाण्याला काय झालं ते आईनं मला पुढं सांगितलं. तिनं डबा उघडला, कागद पाहिला. आईला अक्षर येत नाही. तिला वाटलं, लेकीनं आपले मार्क घरी दाखवायला पाठवले. ती तो कागद घेऊन दुकानात नाही गेली. अप्पा गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवत बसतील म्हणून थेट गुरुजींच्या घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा. दारात उभी राहून म्हणाली, "बगा हो गुरुजी, माझ्या लेकीनं काय उजेड पाडलाय." गुरुजींनी कागद पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. म्हणाले, "हे मालनचं हाय. घाईत डब्यात राह्यलं असंल." आई म्हणते, गुरुजींनी हे इतकं हळू म्हटलं की तिला सगळं कळलं. धुतलेल्या डब्याच्या तळात कागद घाईत राहत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी बारी मालनची होती. ती स्टँडवर गेली आणि येताना डब्यासोबत माझ्या आईला घेऊन आली. जी बाई जिंतूरच्या पुढं कधी एकटी गेली नव्हती, ती डबा मांडीवर घेऊन चार तास गाडीत बसून आली होती. अप्पांना तिनं सांगितलं होतं, पोरीचं पोट बिघडलंय. आठ भाकऱ्यांमुळं अप्पांना ते पटलंही होतं.

आईनं खोलीत आल्यावर आधी मालनला जवळ बोलावलं. "हे घे तुझा कागद. आमच्याच घरी राह्यला व्हता बग, मलाच येडीला कळलं न्हाई." मालननं कागद उलगडला. मधोमध तेलाचा डाग, रुपयाएवढा, आरपार. तिनं तो उजेडाकडं धरला. माझ्याकडं पाहिलं नाही. कागद घेऊन ती ऑफिसकडं पळाली.

मग आई माझ्याकडं वळली. ती ओरडली नाही, हे फार वाईट झालं.

"अप्पा काय बोलले व्हते निगताना?"

मी सतरंजीचा दोरा ओढत राहिले.

"ती न्हाई तर तू बी न्हाई. इंग्रजी शिकायलीस आन मराठीत सांगितलेलं ध्यानात राहिना व्हय तुला?"

तेव्हा मला पहिल्यांदा अट आठवली. मालनची जागा गेली असती तर सोमवारी मीही त्याच गाडीत असते, आणि पुढच्या महिन्यात सेलूच्या सरकी-पेंडीत. जिच्याशिवाय मला माझं नाव वाचायचं होतं, तिच्याशिवाय माझं नावच नव्हतं. गणितात तीन मार्क जास्त मिळवणाऱ्या मुलीला एवढा साधा हिशोब जमला नाही.

मालन परत आली. अर्ज घेतला होता. आईनं डबा सोडला, चार कप्पे मांडले, आणि दोन भाकरी आपल्यापुढं, दोन तिच्यापुढं ठेवून मध्ये अंबाडीच्या भाजीचा एकच कप्पा सरकवला. मालन मागं सरली. आई म्हणाली, "खा गं. मी काय चार तास गाडीत बसून एकटी जेवायला आले व्हय?" एकाच कप्प्यात दोघींचे हात. मी बाजूला बसून माझी भाकरी मोडत होते, आणि माझ्याच आईनं पहिला घास तिला घ्यायला लावला हे मला लागलं. त्या अवस्थेतही लागलं. हेवा हा प्रकार लाज वाटली म्हणून थांबत नाही.

तीनच्या गाडीत आईला बसवायला मी एकटीच गेले. रिकामा डबा मांडीवर घेऊन ती खिडकीतून म्हणाली, "मी काय खाल्लं आन कुणासंगं खाल्लं, हे तू अप्पाला सांगायचं न्हाई. तू काय केलंस हे मी मालनला सांगत न्हाई." आणि गाडी हलताना, "मुकाट्यानं अभ्यास कर, गायी सोड."

गायीचं तिला कुणी सांगितलं होतं? मालननं. स्टँडवरून येता येता, हसत हसत.

यादी लागली. मालन तिसरी. माझं नाव विसाव्यापर्यंत नव्हतं. खाली वेगळं लिहिलेल्या चार नावांत होतं, जागा रिकामी झाली तर. मी ट्रंकेतून माझे कपडे काढायला लागले. मालन म्हणाली, "थांब जरा," आणि रेक्टर बाईंकडं गेली. मी दाराआड उभी राहून ऐकलं.

"एका खाटेवर दोघी?" बाई म्हणाल्या. "वर्षभर?"

"आमी दोघी बारीक हाव, बाई. मावतो."

"आणि तुझ्या अभ्यासाचं काय?"

"ती पहाटं लौकर उठती. मग खाट माझी एकटीचीच."

दिवाळीपर्यंत आम्ही एका खाटेवर पाठीला पाठ लावून झोपलो. दिवाळीत एका मुलीचं लग्न ठरलं आणि मला तिची खाट मिळाली. मला तेव्हा मालनचा जेवढा राग आला, तेवढा पुढं नवऱ्याचाही कधी आला नाही. मार्कांत माझ्या पुढं, इंग्रजीत पुढं, ते एक वेळ चाललं असतं. पण चांगुलपणातही हिचा नंबर वर? माणसानं कुठंतरी दुसऱ्याला जागा ठेवावी की नाही?

पुढचं थोडक्यात. मी पदवी घेतली, बँकेत लागले, बदल्या घेत घेत पुण्यात स्थिरावले. लिफ्टचा फ्लॅट आहे, दोन गाड्यांचं पार्किंग आहे, सोसायटीची मी दोनदा चेअरमन झाले. माझ्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाई' कधी गळून पडलं ते मला कळलं नाही, पण फोनवर आईला कळतं. ती विचारते, "कुणी पाव्हणं बसलंय का गं समोर?" मालननं परभणी सोडली नाही. त्याच कॉलेजात ती प्राध्यापक झाली, आणि आता तो उन्हाळी वर्ग तीच चालवते. गुरुजी गेले, अप्पाही गेले. आई चारठाण्यातच आहे, पंचाहत्तरीची, आणि गुडघे सोडले तर ठणठणीत.

मला पुण्यात कारळाची चटणी कुरिअरनं येते, प्लास्टिकच्या पिशवीत, वर सेलोटेप. मालनला दर गुरुवारी डबा जातो. तोच पितळी डबा, अप्पांच्या नावाचा, सकाळच्या त्याच गाडीनं. मी एकदा आईला म्हणाले, "माझा डबा तिला?" आई म्हणाली, "तू घेयाला येतीस व्हय स्टँडवर?" मालन महिन्यातून एकदा गावी जाते. आमच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी पाट घेऊन बसते, आईचे डोळे तपासून आणते, दारचा शेवगा छाटून घेते. मी दिवाळीला जाते तेव्हा हळदीचा डबा कुठं आहे हे मला मालनला फोन करून विचारावं लागतं. मी घर सोडलं, ते तिनं उचललं. यात तिचा काही दोष नाही, आणि म्हणूनच मला झोंबतं.

गेल्या मे महिन्यात तिनं मला वर्गातल्या पोरांपुढं बोलायला बोलावलं. विषय, बँकेतली नोकरी. मी बोलले. छान बोलले, सगळी आकडेवारी पाठ होती. पोरं सभ्यपणे ऐकत होती. नंतर आम्ही तिच्या ऑफिसात गेलो. तिच्या बढतीचे कागद तपासायचे होते, म्हणून एक तरुण क्लार्क तिची जुनी फाईल उलटत बसला होता. मॅट्रिकची गुणपत्रिका आली आणि तो थांबला. पिवळा पडलेला कागद, मधोमध आरपार डाग.

"मॅडम, हा कशाचा डाग हाय?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

"घरचा हाय," मालन म्हणाली. आणि त्यानं पान उलटलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी विचारलं, "हे तू प्रत्येकाला असंच सांगतेस?"

"जिथं जिथं कागद दाखवला तिथं विचारतातच की. मग काय सांगू?"

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "स्टँडवर नेताना डबा हातात हलला, तर तळात कागद वाजला. मला वाटलं, तू घरी चिठ्ठी धाडायलीस. दुसऱ्याची चिठ्ठी उघडून बघायची नसती, असं आमच्या बाबांनी सांगितलेलं. म्हून तशीच ठिवली." मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं कागद दिला, तवा कळलं."

म्हणजे रेक्टर बाईंकडं ती गेली तेव्हा तिला ठाऊक होतं. माझ्या पाठीला पाठ लावून ती झोपत होती तेव्हाही. तीस वर्षं मी तिला खाली खेचण्यासारखं काहीतरी शोधत होते, आणि निघालं हे. 'असू शकतो'बद्दल तिनं काही विचारलं नाही. मीच म्हणाले, "त्या संध्याकाळी निंबाखाली..." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. अकरा वाजायलेत. आज गुरुवार. त्या दिवशी बारी तुझी असून मी गेले व्हते. आज तू जा."

आईशी केलेला करार मी इथं मोडला आहे, हे कळतंय मला. आईला वाचता येत नाही, पण मालन तिला हे सगळं वाचून दाखवेल, आवाज काढून. दाखवू दे. अप्पा आता रागवायला नाहीत, आणि एका कप्प्यात आईनं कुणाबरोबर हात घातला हे गावाला कळलं तर बरंच आहे.

तर मी स्टँडवर गेले. ऊन तेच, टाकी नवी. गाडी लागली. बॉनेटवर डबा, त्याच पद्धतीनं बांधलेलं फडकं. मी हात पुढं केला, तर ड्रायव्हरनं डबा आपल्याकडं ओढला.

"हा मालन मॅडमचा हाय. तुमी कोण?"

मी तोंड उघडलं. पुणे, बँक, चेअरमन, सगळं जिभेवर आलं. त्यातलं एकही या माणसाच्या उपयोगाचं नव्हतं. माझ्याच बापाचं नाव त्या डब्यावर ठिपक्यांनी कोरलेलं होतं, तेही सांगता आलं असतं. त्याऐवजी जे निघालं ते मी तीस वर्षांत बोलले नव्हते.

"आज माझी बारी हाय," मी म्हणाले.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि डबा दिला. टाकीच्या सावलीत जाऊन मी तो कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. चांगला जड होता. आईनं आठ भाकरी घातल्या होत्या.